चव्वेचाळिसाव्या वर्षी जवळचं अंधूक दिसतंय: चष्मा लावावा का, आणि कोणता?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ४४. आजवर चष्मा कधी लागला नाही. दिवसभर लॅपटॉप आणि त्याच्या मागे एक मोठा स्क्रीन. गेले सहा महिने मोबाइल हात लांब करून वाचावा लागतो, संध्याकाळी कपाळ ठणकतं, आणि मोबाइलवरून नजर उचलली की समोरच्या भिंतीवरचं घड्याळ स्पष्ट व्हायला दोन-तीन सेकंद जातात. तुम्ही स्वतःच +२.०० चा रेडीमेड चष्मा आणलात. त्यातून पुस्तक छान दिसतं, पण स्क्रीन धूसर. मित्र म्हणतो, चष्मा लावलास की डोळे आळशी होतील आणि नंबर वाढत जाईल. बहीण म्हणते, सरळ प्रोग्रेसिव्ह कर, म्हणजे एकाच काचेत लांबपासून जवळपर्यंत सगळं. आणखी कुणी थेंब सुचवलेत, कुणी लेझर.

बावीस वर्षं मी लोकांचे नंबर काढतेय. एवढ्या अनुभवावर सांगते, तुमचा खरा घोळ ‘चष्मा की बिनचष्मा’ हा नाहीच. तुम्ही आणलेला चष्मा तुमच्या कामाच्या अंतराचा नाही, एवढीच गोष्ट आहे. फक्त हे पटायला आधी डोळ्यात काय चाललंय ते थोडं बघावं लागेल.

डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं. जवळचं बघायचं म्हटलं की भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला ताणून धरणारे बारीक तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होतं. हे स्पष्टीकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५५ च्या सुमारास मांडलं आणि मूळ मुद्द्यात ते अजून टिकून आहे. अडचण अशी की या भिंगात आयुष्यभर नवे थर चढत राहतात आणि जुने कधीच झडत नाहीत. त्वचा आपल्या जुन्या पेशी टाकून देते, भिंगाला तशी वाट नाही. ते दाट होत जातं, कडक होत जातं. स्नायू आपलं काम बऱ्यापैकी करत असतो, पण भिंगच फुगायला तयार नसतं.

डोळ्यांच्या व्यायामांबद्दल मला आठवड्यातून एकदा तरी विचारलं जातं, त्याचं उत्तर यातच आहे. दुबळा झालाय तो स्नायू नव्हे, त्यामुळे व्यायाम करून कडक झालेलं भिंग मऊ होत नाही. बोट जवळ-लांब नेण्याच्या व्यायामाने काही जणांना बरं वाटतं, कारण तेवढा वेळ ते स्क्रीनपासून दूर असतात. करायचे तर करा, पण चष्मा सुटेल या आशेवर करू नका.

हे सगळं चाळिशीत सुरू होतं असं वाटतं, पण तसं नाही. दहा वर्षांच्या मुलाची जवळ फोकस करण्याची ताकद साधारण १४ डायऑप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात ते एकक) असते, म्हणजे ते नाकापासून सात सेंटिमीटरवरचं अक्षर वाचू शकतं. तेव्हापासून ही ताकद घसरतच असते, फक्त सात सेंटिमीटरवर वाचायची गरज कुणालाच नसल्याने घसरण लक्षात येत नाही. जवळची मर्यादा हळूहळू लांब सरकत जाते आणि चाळिशीच्या आसपास ती आपण पुस्तक धरतो तिथे येऊन ठेपते. आपल्या भाषेत तर वयालाही चाळिशी म्हणतात आणि नाकावरच्या चष्म्यालाही. इतका तो योग नेमका.

आता थोडं गणित. वैतागू नका, चष्म्याची सगळी निवड यावरच अवलंबून आहे. डायऑप्टर काढायचा म्हणजे १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागायचं. ४० सेंटिमीटरवर पुस्तक धरलं तर डोळ्याला २.५ डायऑप्टरची मेहनत. ३३ वर मोबाइल धरला तर ३. स्क्रीन ६५ वर असेल तर दीडच. तुमच्या वयाला एकूण ताकद साधारण ४ ते ५ उरते. कागदावर ती पुरेशी वाटते, पण कुणीही आपली सगळी ताकद तासन्‌तास लावू शकत नाही. आम्ही ढोबळ हिशेब असा धरतो की निम्मी वापरावी आणि निम्मी राखीव राहावी. म्हणजे तुमच्याकडे आरामात वापरायला सुमारे २ डायऑप्टर, अर्थात ५० सेंटिमीटरपर्यंतचं जग. स्क्रीन त्यात बसतो. मोबाइल बसत नाही, म्हणून तो तुम्ही राखीव साठा उपसून वाचता आणि संध्याकाळी कपाळ त्याची आठवण करून देतं. मोबाइलवरून नजर उचलल्यावर घड्याळ उशिरा स्पष्ट होतं तेही याच ओढाताणीमुळे.

या हिशेबात तुमचा +२.०० टाकून पाहू. लांबचा नंबर शून्य आहे असं धरलं, तर +२.०० ची काच लावल्याबरोबर ५० सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं अंधूक होतं. ती त्या काचेची हद्दच आहे, कितीही प्रयत्न केला तरी डोळा ती ओलांडू शकत नाही. अलीकडची बाजू तुमच्या दोन डायऑप्टरनी २५ सेंटिमीटरपर्यंत जाते. म्हणजे या चष्म्यातून तुमचा आरामाचा पट्टा २५ ते ५० चा. स्क्रीन ६५ वर. दिसणार कसा?

त्याऐवजी +१.०० घ्या. लांबची हद्द १०० सेंटिमीटर, जवळची ३३. मोबाइल, पुस्तक, लॅपटॉप, मागचा मोठा स्क्रीन, सगळं एकाच साध्या काचेत. निम्म्या नंबरात दुप्पट काम होतं, हे लोकांना सांगितलं की त्यांना मी काहीतरी लपवतेय असं वाटतं.

मग तुम्ही +२.०० उचललाच का? कारण सगळेच उचलतात. जास्त नंबरच्या काचेतून अक्षर मोठं आणि काळंभोर दिसतं, आणि उभ्या-उभ्या नमुन्याचं कार्ड माणूस चेहऱ्याजवळ धरतो. त्या दोन मिनिटांत जास्त नंबर नेहमीच जिंकतो. स्वतः निवडलेला रेडीमेड चष्मा अर्धा-पाऊण नंबरने जास्त निघणं हा माझ्याकडचा रोजचा प्रकार आहे.

मात्र वरचं सगळं गणित ‘लांबचा नंबर शून्य’ या गृहीतकावर उभं आहे, आणि ते तपासल्याशिवाय मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. आयुष्यभर उत्तम नजर असलेल्या कितीतरी लोकांना प्रत्यक्षात अर्धा-पाऊण प्लस नंबर असतो. तरुणपणी भिंग तो गुपचूप भरून काढतं. भिंगाची ताकद कमी झाली की तो बाहेर येतो. अशा लोकांना चाळिशी इतरांच्या आधी लागते आणि संध्याकाळची डोकेदुखी त्यांच्यात जास्त आढळते. तुमच्या वर्णनात डोकेदुखी आहे, म्हणून मला ही शंका येतेच. असा पाऊण प्लस निघाला तर जवळसाठी +१.०० ऐवजी +१.७५ लागेल. दुसरी शक्यता थोड्या सिलिंडरची, म्हणजे एकाच डोळ्याला वेगवेगळ्या दिशांना वेगळा नंबर लागण्याची. तो रेडीमेड चष्म्यात नसतोच, आणि दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असले तरी तिथे दोन्ही काचा सारख्याच. बाकी रेडीमेड चष्मा डोळे बिघडवतो वगैरे खरं नाही. दोन्ही डोळे सारखे असतील आणि सिलिंडर नसेल तर त्यात काहीच गैर नाही. काचांचा मध्य तुमच्या बाहुल्यांसमोर येत नाही एवढा दोष राहतो, आणि कमी नंबरात तो चालून जातो.

मायनस नंबरवाल्यांची कहाणी उलटी आहे. तुम्हाला ती लागू नाही, पण ती वाचून कुणाचा तरी पश्चात्ताप वाचेल म्हणून लिहिते. ज्याचा नंबर −२.५० आहे तो चष्मा काढून ४० सेंटिमीटरवरचं फुकटात वाचतो, साठीतही. असे लोक चाळिशीच्या तोंडावर हौसेने लेझर करून लांबचा नंबर घालवतात आणि महिन्याभरात विचारतात की आता जवळचं का दिसत नाही. मायनसवाल्याने चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स लावली तरी जवळ बघताना डोळ्याला थोडी जास्त मेहनत पडते आणि चाळिशी अचानक जाणवते.

आता मित्राचा आळशी डोळ्यांचा मुद्दा. तो चूक आहे, पण असं का वाटतं ते मला कळतं. माणूस ४४ व्या वर्षी चष्मा लावतो, ४७ व्या वर्षी नंबर वाढतो, ५० ला आणखी वाढतो. दोष चष्म्याच्या माथी येतो. चष्मा नसता लावला तरी भिंग त्याच गतीने कडक झालं असतं. साठीच्या आसपास ही वाढ थांबते, कारण घालवायला काही उरतच नाही. लोक जिला सवय म्हणतात ती एवढीच की स्पष्ट अक्षर बघितल्यावर मेंदू अंधूक अक्षर खपवून घेत नाही. चष्मा टाळून मात्र नुकसान होतं आणि ते मोजलंही गेलंय. आसाममधल्या चहामळ्यांत ४० वर्षांपुढच्या कामगारांवर २०१७ मध्ये एक चाचणी झाली. जवळचे चष्मे मिळालेल्यांच्या पानतोडणीतली वाढ न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्के-बिंदूंनी जास्त निघाली. मला ही चाचणी आवडते, कारण जवळची नजर म्हणजे फक्त वाचन हा समज तिने मोडला.

प्रोग्रेसिव्हकडे वळते, कारण तुमची बहीण पूर्ण चूक नाही, थोडी लवकर आहे. ५५ व्या वर्षी तुमची एकूण ताकद दीड-दोनवर आलेली असेल, आरामात वापरायला जेमतेम पाऊण ते एक. तेव्हा पुस्तकासाठी +२.२५ लावलात तर पट्टा साधारण ३३ ते ४४ सेंटिमीटरचा. बास. स्क्रीन त्याच्या बाहेर. स्क्रीनसाठी +१.२५ लावलात तर तो ५० ते ८० वर दिसेल, पण मोबाइल जाईल. आज एका काचेत बसणारं जग तेव्हा तीन तुकड्यांत विभागलेलं असेल, आणि ते तुकडे एका फ्रेममध्ये आणण्यासाठी बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह.

बायफोकल अठराव्या शतकातलं. १७८० च्या दशकातल्या पत्रांत बेंजामिन फ्रँकलिन आपल्या अशा चष्म्याचं कौतुक करतो. वर लांब, खाली जवळ, मध्ये रेघ. आजही ते उत्तम चालतं, फक्त स्क्रीनच्या मधल्या अंतराला त्यात जागा नाही. फ्रेंच अभियंता बर्नार मॅतनाझ याने घडवलेली प्रोग्रेसिव्ह काच १९५९ मध्ये बाजारात आली. तिच्यात वरून खाली नंबर क्रमाक्रमाने वाढत जातो. त्याची किंमत काचेच्या दोन्ही खालच्या बाजूंना मोजावी लागते, तिथे चित्र वाकडंतिकडं आणि पुसट होतं. ही कारागिराची चूक नाही. काचेच्या पृष्ठभागाची भूमितीच अशी आहे की मध्यरेषेवर नंबर जितक्या झपाट्याने वाढवाल त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला सिलिंडर गोळा होतो. महागड्या काचेत तो हुशारीने पसरवलेला असतो, पण नाहीसा झालेला नसतो. ‘बाजूला अजिबात धूसर दिसणार नाही’ असं कुणी सांगितलं तर त्या माणसाला पुढचा प्रश्न विचारू नका.

यातून एक गोष्ट प्रोग्रेसिव्हच्या बाजूने निघते. जवळची भर, म्हणजे लांबच्या नंबरावर जवळसाठी चढवलेला जादा नंबर, कमी असताना बाजूचा त्रासही कमी असतो, म्हणून ४५ व्या वर्षी त्याची सवय आठवड्यात होते आणि ५८ व्या वर्षी पहिल्यांदा लावणाऱ्याला महिना लागू शकतो. तुम्हाला दिवसभरात मीटिंगमध्ये समोरचे चेहरे, भिंतीवरचा पडदा आणि हातातला मोबाइल असं सतत आलटून-पालटून बघावं लागत असेल, तर आजही प्रोग्रेसिव्ह घेण्यात अर्थ आहे. बहुतेक वेळ टेबलाशीच बसत असाल तर साधा +१.०० बरा, रुंद आणि निवांत. पन्नाशीनंतर टेबलाशी बसणाऱ्यांना मी ऑफिस लेन्स सुचवते. ती स्क्रीनपासून पुस्तकापर्यंतच असते, लांबचं तीत नसतं. म्हणून बाजूही रुंद मिळते. ती लावून गाडी मात्र चालवायची नाही.

प्रोग्रेसिव्ह घेतलाच तर फ्रेम आधी तुमच्या चेहऱ्यावर नीट बसवून घ्या आणि मग माप घ्यायला सांगा. बाहुलीची उंची दोन-तीन मिलिमीटर चुकली तरी माणूस दिवसभर हनुवटी वर करून बसतो. काच फार बुटकी असेल तर जवळचा भाग कापला जातो. जिने उतरताना मान खाली घालून बघा, नाहीतर वाचायच्या भागातून पायरी दिसेल. आणि पुस्तकाची ओळ वाचताना डोळ्यांबरोबर नाकही किंचित फिरवा.

अंतराबद्दल मी इतकी हट्टी का झाले, तेही सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी वयाचा तक्ता पाठ केला होता: पंचेचाळिशीला एक, पन्नाशीला दीड-दोन, साठीला अडीच. एक वायरमन आले, वय ५२. तक्त्याप्रमाणे नंबर दिला, सुंदर बायफोकल करून दिलं. ते तीन वेळा परत आले आणि तिन्ही वेळा मी नंबर पुन्हा तपासला, बरोबरच होता. तिसऱ्या खेपेला त्यांनी वैतागून हात डोक्याच्या वर नेले आणि म्हणाले, “बाई, माझं काम इथं असतं.” छताच्या जोडण्या ते वर बघून करत होते आणि मी जवळची काच खाली बसवली होती. मान मागे टाकून-टाकून ती आखडली होती. वरही जवळचा तुकडा असलेली काच मागवल्यावर त्यांचं काम झालं. तेव्हापासून माझ्या खिशात मोजपट्टी असते आणि वय विचारायच्या आधी मी काम विचारते.

इथवरचं थोडक्यात: आधी लांबचा नंबर नीट काढून घ्या. तो शून्य निघाला तर +१.०० च्या आसपासची साधी काच आज तुम्हाला पुरावी. सारखी लांब-जवळ नजर बदलत असेल तर प्रोग्रेसिव्ह. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी दोन-तीन वर्षांनी नंबर बदलणार.

कॉन्टॅक्ट लेन्समध्ये दोन वाटा आहेत. एक, मल्टिफोकल, म्हणजे एकाच लेन्समध्ये लांबचा आणि जवळचा नंबर. दुसरी, एका डोळ्याला लांबचं आणि दुसऱ्याला जवळचं. दुसरी ऐकायला विचित्र वाटते, पण बऱ्याच जणांचा मेंदू ती बिनतक्रार स्वीकारतो. खोलीचा अंदाज थोडा कमी होतो आणि रात्री गाडी चालवताना काहींना त्रास होतो. आजवर उघड्या डोळ्यांनी वावरलेल्या माणसाने एवढ्यासाठी रोज लेन्स लावायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

थेंब. पायलोकार्पिन हे काचबिंदूसाठी वापरलं जाणारं जुनं औषध. त्याच्या १.२५ टक्के थेंबांना अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये चाळिशीसाठी मान्यता दिली. ते भिंग मऊ करत नाहीत, बाहुली बारीक करतात. बारीक छिद्रातून फोकसची खोली वाढते. तुम्ही अनुभवलंच असेल की दुपारच्या लख्ख उजेडात औषधाच्या बाटलीवरचं वाचता येतं आणि रात्री मंद दिव्याखाली येत नाही. तो हाच परिणाम, उजेडाने बाहुली लहान झाल्याचा. थेंबांचा असर काही तास राहतो, काहींना कपाळ दुखतं, कमी उजेडात सगळं काळवंडतं. क्वचित डोळ्याच्या आतल्या पडद्याला चीर पडण्याचा धोका सांगितलेला आहे, विशेषतः मोठ्या मायनस नंबरवाल्यांना, म्हणून आधी पडदा तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते घेऊ नयेत. तुमची डोकेदुखी बघता मी तुम्हाला ते सुचवणार नाही. त्यांच्याआधी वाचायच्या जागेचा दिवा बदला.

लेझर बुबुळाचा आकार बदलतं, कडक भिंगाला हातही लावत नाही. त्यामुळे चाळिशीसाठीचं लेझर बहुतेक वेळा एक डोळा लांब आणि एक जवळ करण्याचंच असतं. तसं करायचंच असेल तर आधी काही आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स लावून तोच अनुभव घेऊन बघा. लेन्स काढता येते, लेझर उलटवता येत नाही. भिंग काढून मल्टिफोकल भिंग बसवणं मी मोतीबिंदूच्या वेळी बोलायचा विषय मानते. रात्रीच्या दिव्यांभोवती वलयं दिसणं हा त्याचा ठरलेला सौदा आहे, आणि ४४ व्या वर्षी स्वच्छ भिंग काढायला मी माझ्या भावालाही सांगणार नाही.

एक तपासणी घरीच करून बघा. मूठ सैलसर वळून बारीक छिद्र करा आणि एका डोळ्याने त्यातून अंधूक अक्षर वाचा. स्पष्ट झालं तर प्रश्न बहुधा फोकसचा. छिद्रातूनही अंधूकच राहिलं तर चष्म्याच्या नव्हे, नेत्रतज्ज्ञाच्या दारात जा. दोन्ही डोळे आळीपाळीने झाका. चाळिशी दोन्ही डोळ्यांत साधारण सारखी आणि सावकाश येते. एकाच डोळ्याने कमी दिसणं, एकाएकी कमी होणं, सरळ रेघा वाकड्या दिसणं, चमका किंवा काळे ठिपके वाढणं, यातलं काहीही चाळिशीत मोडत नाही आणि यासाठी उद्याची वाट बघू नये. नंबर महिन्याला बदलत असेल तर रक्तातली साखर तपासा. साखर वर-खाली होत असताना काढलेला नंबर टिकत नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना अचानक चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं तर कौतुक करण्याआधी मोतीबिंदू बघून घ्या, भिंगाचा गाभा दाट होताना असं होतं.

नंबर काढायला जाल तेव्हा डोळ्यांचा दाब आणि बाहुली मोठी करून पडदाही तपासून घ्या. काचबिंदू सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही, आणि चाळिशीच्या निमित्ताने पहिल्यांदा तपासायला आलेल्यांत तो मला सापडलेला आहे. जाण्याआधी घरच्यांपैकी कुणाला तरी सांगा की तुम्ही कामात गुंग असताना टेपने चार अंतरं मोजा: डोळ्यापासून मोबाइल, पुस्तक, लॅपटॉप आणि मोठा स्क्रीन. स्वतः मोजायला गेलात तर ताठ बसाल आणि आकडे चुकतील. तो कागद नंबर काढणाऱ्याच्या हातात द्या आणि ट्रायल फ्रेम (काचा बदलून बघायची तात्पुरती फ्रेम) लावून मोबाइल आणि लॅपटॉप तुमच्या नेहमीच्या अंतरावर धरून बघा, त्यांच्या कार्डावर नव्हे.

हातातला +२.०० फेकू नका. बोटातली कूस काढायला, सुई ओवायला, घड्याळातला सेल बदलायला २५ सेंटिमीटरवर डोळे न ताणता दिसणारा चष्मा घरात असलेला बरा.